खिडकीजवळचं मशीन

उषाचं हे मशीन घडलं कलकत्त्यात, नांदलं लालबागच्या चाळीत आणि आता ते डोंबिवलीत माझ्या बहिणीच्या घरी आहे. काळंभोर अंग, लांब मान, उजव्या हाताला जड चाक, खाली बिडाचा स्टँड. अंगावर सोनेरी वेलबुट्टी. मानेवरची वेलबुट्टी अजून लख्ख आहे. सुईसमोरच्या सपाट भागावरची मात्र पार पुसली गेली आहे, कारण कापड पुढे सरकवताना आईचे हात तिथे टेकायचे. पायडलची जाळीही एकाच कोपऱ्यात झिजली आहे. आई दोन्ही पाय बरोबरीने ठेवत नसे, उजवा थोडा पुढे आणि डावा मागे ठेवायची. त्या पुढच्या उजव्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं तर नक्षीच्या कडा लागत नाहीत, नुसतं गुळगुळीत लोखंड लागतं.

आईचे फोटो मोजकेच आहेत. लग्नाचा एक, बहिणीच्या लग्नातले दोन-तीन, एक रेशनकार्डासाठी काढलेला. सगळ्यांत ती अवघडून उभी आहे, पदर सावरून, कुणीतरी सांगितल्यासारखी समोर बघत. ती जशी होती तशी त्यांतल्या एकाही फोटोत नाही. तिच्याबद्दल सांगायला बसलं की मी या मशीनपाशीच येतो. आईचं सगळं आयुष्य जवळून पाहिलेलं असं घरात दुसरं काही उरलेलं नाही. बाबांनीही तिचं अर्धंच पाहिलं, कारण उरलेला अर्धा दिवस ते गिरणीत असत.

आमची खोली दहा बाय बाराची. आजी, आई-बाबा, आम्ही तीन भावंडं, आणि गावाहून आलेलं कुणी ना कुणी कायमच. दार गॅलरीत उघडायचं, समोरच्या भिंतीत एकुलती एक खिडकी. अशा खोलीत खिडकीची जागा कुणाला मिळते यावरून त्या घरात कुणाचा मान आहे ते कळतं. आमच्याकडे ती मशीनला मिळाली होती. त्याआधी तिथे आजीची खाट होती. आजीने खाट सरकवू दिली, पण पुढे कितीतरी दिवस उजेड गेल्याची तक्रार करत राहिली. झाकण लावलं की मशीनचं टेबल व्हायचं. आमचा अभ्यास त्यावर, पाहुण्यांचा चहा त्यावर, इस्त्रीही त्यावरच. दसऱ्याला गिरणीत साच्यांना, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांना, झेंडूचे हार चढायचे, बाबा त्यातलीच एक माळ घरी घेऊन यायचे आणि आई ती मशीनच्या मानेत घालायची. हळदकुंकू लावून झालं की ती त्याच्या पाया पडायची. देवापुढे हात जोडताना आईच्या ओठांची हालचाल व्हायची, काहीतरी मागणं असायचं. मशीनपुढे ती गप्पच असायची.

त्याचा स्वभाव कडक होता. सुती कापड दिलं की ते दिवसभर एका चालीने चालायचं. टेरिलिन किंवा नायलॉन दिलं आणि सुई जराशी बोथट असली की टाके सोडायचं. मग आई सुई काढून उजेडात धरायची, टोकावरून नख फिरवायची आणि नवी सुई लावायची. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा सैल पडायचा. पाय चालतात आणि चाक जागच्या जागी, असं झालं की पट्टा काढून टोकाचा दीडेक बोट तुकडा कापायचा, नवं भोक पाडायचं आणि तारेचा हूक त्यात अडकवून पक्कडीने दाबायचा. तेल त्याला त्याचंच लागायचं. एकदा शेजारच्या मुलाने मदत म्हणून खोबरेल तेल घातलं आणि थंडीत ते आत इतकं घट्ट झालं की चाक हलेना. आईने सगळे भाग सोडवून रॉकेलच्या वाटीत बुडवून ठेवले. मुलाला ती एक शब्द बोलली नाही. उलट रॉकेलमध्ये भिजलेले भाग पुसायला त्याला शेजारी बसवलं आणि कुठला भाग कुठे जातो ते दाखवत राहिली.

गांधीजींचं यंत्रांशी फारसं जमत नसे, पण शिलाई मशीनला त्यांनी त्यातून वगळलं होतं. १९२४ साली ‘यंग इंडिया’त आलेल्या एका संवादात त्यांनी त्यामागची गोष्ट सांगितली आहे. सिंगरने आपल्या बायकोला हाताने टाके घालण्याचे रटाळ कष्ट करताना पाहिलं आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी हे मशीन तयार केलं, अशी ती गोष्ट. इतिहास वेगळा आहे. हातसुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं पुढच्या टोकाला. असं टोकाला नेढं असलेल्या सुईने वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवून टाका घालणारं मशीन इलायस हाऊने १८४६ साली अमेरिकेत पेटंट केलं. आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१ सालचं, आणि पुढे दोघे कोर्टात भांडले. सिंगरचा संसारही गांधीजींनी सांगितला तसा नव्हता. तरी ती गोष्ट मला खोटी म्हणवत नाही, कारण सिंगरच्या घरी नसली तरी आमच्या खोलीत ती घडली आहे.

आई राजापूरकडची, चौथीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा घरातले परकर, झबली, आजीच्या चोळ्या ती हाताने शिवायची. खोलीत सगळे झोपले की गॅलरीतल्या दिव्याखाली बसायची. बाबांची दुसरी पाळी मध्यरात्री सुटे. जिना चढून येताना त्यांना रोज तीच दिसायची, मान खाली, कापड डोळ्यांजवळ धरलेलं. हे मला बाबांनी सांगितलं आहे. ते फार बोलणारे नाहीत, पण हे त्यांनी एकदा नव्हे, अनेकदा सांगितलं आहे. एका दिवाळीला बोनस मिळाला तेव्हा त्यांनी पहिला हप्ता भरून मशीन आणलं. कामकरी माणसाकडे एकरकमी पैसे नसतात हे सिंगर कंपनीने फार आधी ओळखलं होतं, हप्त्याने मशीन विकायला तिने १८५६ सालापासूनच सुरुवात केली होती. लालबागच्या विणकराला त्याच सोयीचा आधार मिळाला.

हातगाडीवरून मशीन चाळीखाली आलं, चौघांनी जिन्यातून वर चढवलं. आजी दारातच उभी होती.

“बाईमाणसाला एवढं मोठं यंत्र कशाला रे? घराला पंखा आणायचा होतास.”

“घराला नाही आणलेलं,” बाबा म्हणाले, “तिला आणलंय.”

पावतीवर त्यांनी आईचं नाव घालून घेतलं होतं. खोलीचं भाडं बाबांच्या नावावर, रेशनकार्ड बाबांच्या नावावर, गावचं घर आजोबांच्या नावावर. आईच्या नावाची अशी ती एकच वस्तू. पावती अजून खणात आहे. घडीवर फाटली होती, तिला मागून कापडाची पट्टी लावून आईने ती शिवून ठेवली आहे.

शिवण ती चाळीतल्याच एका मावशींकडून शिकली. मावशींची पद्धत अशी की पहिले काही दिवस दोरा नाही आणि कापडही नाही. जुनं वर्तमानपत्र घ्यायचं, मशीनखाली घालायचं आणि छापलेल्या ओळीवरून सुई सरळ न्यायची. ओळ सोडली की पुन्हा पहिल्यापासून. सरळ जमलं की मग रकान्याच्या कडेने काटकोनात वळायचं, त्यानंतर फोटोतल्या माणसांच्या चेहऱ्याभोवती गोल. आईने अशी किती वर्तमानपत्रं टोचली असतील कोण जाणे. माझ्या मोठ्या बहिणीच्या अगदी पहिल्या आठवणींपैकी एक ही आहे: आई कागद खिडकीसमोर धरून बघते आहे आणि कागदाच्या भोकांतून आलेला उजेड तिच्या तोंडावर ठिपक्याठिपक्यांनी पडला आहे.

आमचे कपडे तिने कधी विकत आणले नाहीत. गिरणीच्या दुकानात डागी कापड कामगारांना स्वस्तात मिळायचं. डाग कुठे आहे ते बघून आई बेतायची, तो नेमका काखेत किंवा शिवणीच्या आत जाईल असा. गणवेशाच्या खाली भलीमोठी दुमड ठेवायची आणि दर जूनला ती उसवून बोटभर खाली घ्यायची. जुन्या दुमडीची रेघ धुऊनही जात नसे. माझ्या शाळेच्या चड्डीवर अशा तीन-तीन रेघा असायच्या. मला त्यांचं काही वाटत नसे, वर्गात बहुतेकांच्या चड्ड्यांवर त्या होत्याच.

हळूहळू चाळीतल्या बायका येऊ लागल्या. पोलकी, परकर, ब्लाऊज, बाळंतविड्याची झबली-टोपडी. मशीनच्या उजव्या खणात एक लांबट वही आहे, किराणा दुकानात हिशेबाला वापरतात तशी. आईचं अक्षर मोठं आणि तुटक. तिने नावं लिहिलेली नाहीत. ‘तिसरा माळा कोपरा’, ‘गिरगाववाली’, ‘रव्याची आई’, अशा ओळखी, आणि त्यांच्यापुढे छाती, कंबर, खांदा, बाही, गळा. प्रत्येक बाईला एक अख्खं पान. दर वेळी नवं माप जुन्याच्या खाली. नुसती आकड्यांची वही, पण मी तिच्यासमोर बसलो की उठवत नाही. एका पानावर कंबर वाढत जाते, मग एकदम उतरते, दोन वर्षांनी पुन्हा वाढते. एका पानावर छातीचं माप ३६, मग ३४, मग ३१, आणि त्याखाली पुढे काही नाही. ती ‘तिसरा माळा कोपरा’ टीबीने गेली. एका पानावर बाहीचं माप एका वर्षी अचानक कोपराच्याही खाली गेलेलं आहे.

त्या बाहीची गोष्ट मला खूप उशिरा कळली. माप घ्यायला बाई पदर काढून उभी राहते. पोलकं कितीही लांब असलं तरी शिवणारणीपासून अंग लपत नाही. त्या बाईच्या दंडावर वळ होते. तिने बाही लांब करून मागितली, आईने करून दिली, एक अक्षर विचारलं नाही. पण तयार पोलकं न्यायला ती आली तेव्हा आईने चाळीतल्या आणखी पाच-सहाजणींना आधीच बोलावून ठेवलं होतं. सगळ्या मिळून तिच्याबरोबर तिच्या खोलीपर्यंत गेल्या आणि तिचा नवरा पाळीवरून येईपर्यंत तिथेच बसून राहिल्या. आल्यावर त्याला काय म्हणाल्या ते मला ठाऊक नाही. वहीत त्यापुढच्या वर्षी त्या बाईच्या बाहीचं माप पुन्हा पूर्वीइतकं आहे.

बाबा साचेखात्यात होते. दोन साचे सांभाळायचे. एकाच छपराखाली शेकडो साचे धडधडत असतात, तिथे बोलणं ऐकू येत नाही. कामगार ओठांवरून ओळखतात आणि हातवाऱ्यांनी बोलतात. बाबांचे कान तिथेच गेले. रातपाळी करून ते सकाळी झोपायचे तेव्हा आई मशीन बंद ठेवायची नाही. कुणी बोललंच तर म्हणायची, त्यांना याचीच सवय आहे. आणि खरोखरच मशीन चालू असलं की बाबांना गाढ झोप लागायची, ते थांबलं की जाग यायची. चाळीची जमीन लाकडी. पायडल चाललं की फळ्या बारीक थरथरायच्या, आणि बाबा जमिनीवर झोपत. कान गेले होते तरी आई कामाला बसली आहे एवढं त्यांना पाठीतून कळत होतं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उभे राहिले. गिरणगावात भोंगे थांबले. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. अनेक गिरण्या पुन्हा नीट सुरूच झाल्या नाहीत. माणसं कोकणात परतली, घाटावर परतली, कुणी भाजीची पाटी घेतली, कुणी वॉचमन झालं. यावर खूप लिहिलं गेलं आहे आणि ते लिहायलाच हवं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या काळात गिरणगावातली सगळी यंत्रं बंद नव्हती. खोल्याखोल्यांतून अशी मशीनं चालू होती, पापड लाटले जात होते, डबे जात होते. संप जितका चालला तितका तो चालू शकला यात त्या बायकांच्या हातापायांचा वाटा आहे. संपाचा हिशेब मांडताना तो वाटा कुणी धरलेला मी फारसा पाहिलेला नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

आईने दादरच्या एका व्यापाऱ्याकडून परकर शिवायचं काम आणलं. कापलेलं कापड गठ्ठ्याने मिळायचं, डझनावर पैसे. पहाटे पाणी भरून झालं की ती बसायची. दुपारी उठायची ती भाकऱ्या टाकायला. रात्री आम्ही मशीनच्या पायांशीच झोपायचो, कारण दुसरीकडे जागा नव्हती, खोलीभर परकर पसरलेले असायचे. मोरीच्या दांडीवर परकर, पोटमाळ्यावर परकर, आजीच्या खाटेखाली परकर.

पहिले काही महिने बाबा दिवसभर बाहेर असत. सभा, मोर्चे, चौकातली बैठक. मशीनकडे ते बघत नसत, म्हणजे तसं ठरवूनच बघत नसत. एका संध्याकाळी पट्टा तुटला. हूक निसटला नव्हता, चामडंच फाटलं होतं आणि दुसऱ्या दिवशी माल द्यायचा होता. आई पट्ट्याची दोन टोकं हातात धरून बसली होती. बाबांनी तिच्या हातातून पट्टा घेतला. त्यांच्या जुन्या पिशवीत गिरणीतलं कसलंसं चामडं होतं, त्यातून त्यांनी एक तुकडा कापला, दोन्हीकडची टोकं तासून पातळ केली, एकावर एक चढवून टोच्याने भोकं पाडली आणि मेणदोऱ्याने शिवून टाकलं. मग चाकावर पट्टा चढवून स्वतः स्टुलावर बसले आणि पायडलवर पाय ठेवले. तोपर्यंत ते त्या स्टुलावर कधी बसले नव्हते. चाक फिरलं. त्यांनी मान वळवून आईकडे पाहिलं आणि गिरणीत करतात तसा हात हलवून सांगितलं, चालतंय.

त्या दिवसापासून बॉबिन भरायचं काम बाबांचं झालं. दोरा हातात घेतल्याबरोबर ते सांगायचे, हा कच्चा आहे, तुटेल. तो तुटायचाच. नाड्या ओवायचं काम त्यांचं, शिवून झालेले परकर उलटे करून लोंबणारे दोरे कापायचं काम त्यांचं. गठ्ठाही तेच डोक्यावर घेऊन दादरला जायचे. लालबाग-परळमध्ये त्यांना ओळखणारी शेकडो माणसं. संपातला माणूस, साचेखात्यातला पुढारी नसला तरी मानाचा माणूस, बायकोने शिवलेले परकर डोक्यावर घेऊन भर रस्त्याने जातो आहे. कुणी काय म्हटलं असेल ते त्यांनी घरी कधी आणलं नाही. आई एकदा म्हणाली, “अहो, मी नेते ना.” बाबा म्हणाले, “तू शिव. चालायला मला पाय आहेत.”

गठ्ठा पोचवताना बाबांच्या लक्षात आलं की हाच परकर दुकानात कितीला जातो. घरी येऊन त्यांनी कागदावर हिशेब मांडला, कापड, दोरा, शिलाई, दुकानाचा नफा, आणि तो आईसमोर ठेवला. पुढच्या वेळी त्यांनी व्यापाऱ्याकडे डझनामागे भाव वाढवून मागितला. परवडत नसेल तर काम दुसरीकडे देतो, असं उत्तर मिळालं. बाबा परत आले ते थेट वरच्या माळ्यावर गेले. तिथल्या दोघी त्याच व्यापाऱ्याचं काम करत होत्या, पलीकडच्या चाळीत आणखी चौघी. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं होतं, ते या सगळ्याजणींनी ऐकलेलं, काहींनी जवळून पाहिलेलं. त्या आठवड्यात एकीनेही गठ्ठा परत पोचवला नाही. शिवलेले परकर घरातच ठेवले. सणाचे दिवस तोंडावर होते. चौथ्या-पाचव्या दिवशी व्यापाऱ्याचा माणूस चाळीत आला आणि भाव वाढला. फार नाही, पण वाढला. बाबांचा मोठा संप गेला, पण हा छोटा त्यांनी जिंकला, आणि त्याबद्दल ते अजूनही मोठ्या संपापेक्षा अधिक उत्साहाने बोलतात. आई मात्र म्हणायची की मागायची लाज वाटते. तिला भाव कधी तोंडाने सांगताच आला नाही. चाळीतली बाई विचारायची, किती झाले? आई म्हणायची, द्या तुम्हाला वाटतील ते.

त्या पैशांवर आमच्या शाळा सुटल्या नाहीत. त्या पैशांवर आईचं गहाण पडलेलं मंगळसूत्र परत आलं. मोठी बहीण नर्सिंगला गेली तेव्हा तिचे पांढरे गणवेश या मशीनवर शिवले गेले. बाबांना पुढे एका गोदामात काम लागलं, पण घराचा कणा कुठला आहे ते तोपर्यंत आम्हा सगळ्यांना कळलेलं होतं.

काळ पुढे गेला. चाळ पाडली गेली, आई-बाबा बहिणीकडे डोंबिवलीला आले. मशीन टेम्पोतून आलं, चादरीत गुंडाळून, आणि आई पुढे ड्रायव्हरशेजारी न बसता मागे त्याच्याजवळ बसली. गुडघे दुखायला लागल्यावर आम्ही चाकाला छोटी विजेची मोटर बसवून दिली. आठ दिवसांत तिने ती काढायला लावली. “माझ्याआधी पळतं ते,” म्हणाली. मग गुडघ्याला पट्टा बांधून थोडा थोडा वेळ पायानेच चालवायची. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा सुईत दोरा ओवून ठेवायचं काम नातीचं झालं. शाळेत जाण्याआधी ती आजीसाठी दहा-बारा हातसुया ओवून कापडाच्या गादीला टोचून ठेवायची आणि मशीनचा दोराही घालून जायची.

आई एका पावसाळ्यात गेली. फार दिवस अंथरुणात नव्हती.

मृत्यूची नोंद करताना अर्जात मृताचा व्यवसाय विचारतात. कारकुनाने न विचारताच ‘गृहिणी’ लिहायला घेतलं. माझी बहीण शांत स्वभावाची आहे, आयुष्यभर वॉर्डात काम केलेली, आवाज न चढवणारी. तिने त्याच्या पेनावर हात ठेवला आणि म्हणाली, “शिवणकाम लिहा.” त्याने विचारलं, कुठे नोकरीला होत्या? बहीण म्हणाली, “घरी.” आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरी बसून मजुरीवर काम करणाऱ्यांसाठी एक करार केला. त्यांना कामगार म्हणून मोजावं, बाकीच्यांसारखी वागणूक द्यावी, असं त्यात आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. बहिणीला हा करार तेव्हा ठाऊक नव्हता, पण तिला जे म्हणायचं होतं ते तेच होतं. कारकून भला माणूस. त्याने शिवणकाम लिहिलं.

आई गेल्यावर बाबा शनिवारी शनिवारी मशीन पुसायचे, तेल घालायचे. सुई काढून ठेवलेली असायची. ते स्टुलावर बसायचे आणि पायडल थोडं चालवायचे. आता फरशी आहे, तिच्यातून काही कळत नाही. म्हणून एक हात मशीनच्या अंगावर ठेवायचे, जिथे वेलबुट्टी पुसली आहे तिथे. बहीण तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची.

एकदा मशीन जड चालायला लागलं तेव्हा मिस्त्रीला बोलावलं. त्याने सुईखालची पट्टी स्क्रू काढून उचलली. आत, कापड पुढे ढकलणाऱ्या दातांच्या फटींत, दोऱ्या-कापडाचा भुसा दाबून दाबून इतका घट्ट बसला होता की त्याने तो चिमट्याने अख्खा वर काढला. नखाएवढा जाड थर, आणि त्यात रंगांच्या रेघा. सगळ्यात वर नातीच्या फ्रॉकचा लाल. त्याखाली कसलासा हिरवा. खाली खाली जात पांढरा, मळकट पांढरा, भरपूर पांढरा. मिस्त्री तो फेकायला निघाला होता. बाबांनी हात पुढे केला आणि तो तळहातावर घेऊन उजेडात बराच वेळ बघत राहिले.

मशीन नातीला द्यायचं हे बाबांनी स्वतःच ठरवलं. ही नात, म्हणजे माझी भाची, कॉमर्सला आहे, कॉलेज करून ब्लाऊज शिवते, फॉल-पिकोसाठी तिने वेगळं विजेचं मशीन घेतलं आहे, पण ब्लाऊज या मशीनवरच. अस्तराच्या ब्लाऊजला, कोपरे वळवताना, एकेक टाका हाताच्या चाकाने टाकता येतो म्हणून, असं ती सांगते. इमारतीतल्या बायका येतात. मापाची वही तिने नवी केली आहे, नावाखाली मोबाइल नंबर लिहिते. बाबा खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलेले असतात. त्यांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, आणि साचेखात्यातल्या खुणा त्यांनी नातीला शिकवल्या आहेत.

गेल्या महिन्यात मी गेलो होतो तेव्हा एक बाई सहा ब्लाऊज टाकायला आल्या. भाचीने टेप काढण्याआधी भाव सांगितला, उधारी नाही हेही सांगितलं. बाई गेल्यावर बाबांनी तिला खूण करून विचारलं, किती? तिने बोटांनी दाखवलं.

“कमी सांगितलंस गो,” बाबा म्हणाले.